कोम्मा या शब्दाची दुरुस्ती

आमचं पत्रक एका पानाचं. 'बोग खबरी', म्हणजे बागेची बातमी. दर शुक्रवारी ते टेलिग्रामवरून वाचकांच्या फोनवर जातं, आणि कुवा या आमच्या गावातल्या खताच्या दुकानांत नि दोन चहाखान्यांत भिंतीवर चिकटवलं जातं. रकाने ठरलेले आहेत. चौदा वर्षं मी तेच रकाने भरत आले, म्हणून हेही त्याच रकान्यांत सांगते. दुसरी मांडणी मला सुचत नाही.

हवामान

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दुपारी तेवीस अंश. चहाखान्यातले म्हातारे झगे काढून मांडीवर घेऊन बसत होते. रिश्तोनच्या रस्त्यावर एका जर्दाळूला अवेळी चार फुलं आली. मी त्यांचा फोटो छापला. खाली लिहिलं, थंडी यंदा आपला पत्ता विसरलेली दिसते. लोकांना ते वाक्य आवडलं.

नवी हवा

हा रकाना लोक आधी वाचतात. शहरातल्या अंगणांत सध्या कशाची चलती आहे, रोपवाटिकांनी काय मागवून ठेवावं, ते यात असतं. एका वर्षी गुंडाळी करून विकायची हिरवळ होती. मग मोरपंखीसारखे टोकदार थुजा आले, मग पावलोव्हनिया, पाच वर्षांत लाकूड देणारा, त्याची पानं एवढी मोठी की गाढवाला सावली व्हावी. मग प्लास्टिकचं गवत. दर वेळी कुणीतरी अंगणातलं जर्दाळू तोडे, हिरवळ अंथरे, आणि दोन उन्हाळ्यांनी मला विचारायला येई की आपा, सावलीसाठी पटकन वाढणारं काही सांगा.

त्या नोव्हेंबरात मात्र बातमी चांगली होती. ताश्कंदचे बागा आखणारे लोक श्रीमंतांच्या अंगणात डाळिंबाची ठेंगणी, बहुखोडी झुडपं लावू लागले होते. आमच्यासारखीच तिरकी लावायची, हिवाळ्यात वाकवून मातीखाली पुरायची, मार्चमध्ये नवरोजला उघडायची. आमचे आजे-पणजे जे पाठीचे काटे मोडून करत आले, ते राजधानीत फॅशन झालं होतं. मला अभिमान वाटला. मी मथळा दिला:

या वर्षीची नवी हवा: कोम्मा अनोर

अनोर म्हणजे डाळिंब. कोम्मा म्हणजे पुरलेलं. राखेत पुरून भाजलेल्या भाकरीलाही आम्ही कोम्मा म्हणतो. पण आमच्या भाषेत कोम्मा म्हणजे 'पुरू नकोस' असंही होतं. बोलताना घोटाळा होत नाही: जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर पुरलेलं, आधीच्यावर दिला तर पुरू नकोस. दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. लिहिताना मात्र दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

मथळ्याखाली मी बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं की वीस नोव्हेंबरच्या आत पुरून घ्या. बारीक, कारण पानाचा खालचा अर्धा भाग हिरवळीच्या जाहिरातीला दिला होता.

दुरुस्ती

मागील अंकातील मथळ्यात 'कोम्मा' हा शब्द 'पुरलेलं' या अर्थी वाचावा.

एवढी एकच ओळ. पुढच्या शुक्रवारी छापता आली असती. छापली नाही, कारण चूक झालीय हेच मला ठाऊक नव्हतं.

आपले रोपवाले

नोरमत अमाकी. जन्मतः मानेवर लाल डाग होता, म्हणून नावात 'नोर', डाळिंबाचा तुकडा. असा डाग घेऊन आलेल्या मुलाचं नाव आमच्याकडे असंच ठेवतात, नाहीतर डाग पसरतो म्हणे. ते माझ्या वडिलांचे भाऊ नव्हेत, तरी मी त्यांना अमाकीच म्हणत आले. एकोणिसाव्या वर्षी कृषी विद्यालयातून कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवून हातात चाकू दिला. कलम बांधायला मी त्यांच्याकडे शिकले.

त्यांच्या घरामागे एका ओळीत सात झुडपं होती. जात केलिन्चक, म्हणजे छोटी नवरी. साल पातळ, दुधात चिमूटभर केशर पडल्यासारखी. दाणे फिके, आणि बी इतकी मऊ की हिरड्यांनी चिरडावी. बिनदातांचं डाळिंब, असंही लोक म्हणत. आजाऱ्यासाठी, म्हाताऱ्यांसाठी दूरदूरहून माणसं यायची. बाजाराला ते चालत नसे. पेटीत घातलं की फुटतं, आणि गिऱ्हाइकाला लाल हवं असतं. शिवाय थंडीला फार नाजूक. इतर डाळिंबांना एक वीत माती घातली तर हिला दोन. म्हणून कुव्यात एकेकानं ती सोडली. शेवटी उरली ती या सात झुडपांत, आणि दर वसंतात नोरमत अमाकी नाव नोंदवलेल्यांना जी चाळीसेक रोपं देत त्यांत.

एवढंच पणाला लागलं होतं. सात झुडपं.

चहाखान्यातून

हे मला नंतर सोतिबोल्दीनं सांगितलं. खताचं दुकान त्याचं, आणि त्याला लागून चहाखाना. भिंतीवरच्या पत्रकासमोर नोरमत अमाकी उभे राहिले आणि मोठ्यानं वाचलं. जोर आधीच्या अक्षरावर दिला. मागे सात-आठ म्हातारे बसले होते. कुणाची कंबर गेलेली, कुणाचे गुडघे. एक म्हणाला, ही पत्रकवाली मुतबर शिकलेली बाई आहे, उगाच लिहिणार नाही. दुसरा म्हणाला, हवा बदललीय हे तर आंधळ्यालाही कळतंय. तिसऱ्यानं आणखी एक चहाचं भांडं मागवलं. पुढचं बारीक अक्षर कुणी वाचलं नाही.

सोतिबोल्दी म्हणाला, "आपा, त्या दिवशी चहाखान्यात असा आनंद होता, जसं कुणाचं पोर तुरुंगातून सुटलंय."

या आठवड्याची कामं

पुरण्याचं काम असं: पानं गळली की पाणी द्यायचं. आठवड्यानं जमीन मऊ झाली की एकानं खोडांवर गुडघा टेकून ती दक्षिणेकडे हळूहळू निजवायची, दुसऱ्यानं दोरीनं बांधायची. वरून बोरूची चटई, चटईवर माती. एका झुडपाला दोन माणसांची अर्धी दुपार. निजवताना ज्या फांद्या आड येतात त्या छाटायच्या, त्यांच्याच काड्या करून जुडी बांधायची आणि वाळूच्या खड्ड्यात पुरायची. वसंतात त्या काड्यांची रोपं होतात.

पूर्वी अमाकींचे दोन मुलगे हे करत. दोघेही आता परदेशात, कझानला, इमारतींवर काम करतात. गेली चार वर्षं म्हाताऱ्यानं बायकोला घेऊन केलं. वय चौऱ्याहत्तर, पोटाला अंतर्गळाचा पट्टा. त्या नोव्हेंबरात त्यांनी झुडपं उभीच ठेवली. निजवली नाहीत म्हणून फांद्याही छाटल्या नाहीत. काड्या मार्चमध्ये घेऊ, ताज्या ताज्या, असं ठरवलं. वाळूचा खड्डा रिकामा राहिला.

मी त्या महिन्यात त्यांच्याकडे एकदाही गेले नाही. ताश्कंदहून फोन येत होते. माझा मथळा तिथल्या कुणीतरी पुढे पाठवला होता.

तातडीची सूचना

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा आला. मी लगेच लिहिलं: अंजीर, द्राक्ष, डाळिंब, जे काही उघडं असेल ते आज संध्याकाळच्या आत झाका. पाठवलं. त्याच तासाला वीज गेली, मागोमाग फोनचं जाळं गेलं. चुलीतल्या गॅसची ज्योत वाटाण्याएवढी झाली आणि विझली. सूचना माझ्याच फोनात अडकून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे एकवीस. बर्फ नाही, बर्फ पडला असता तर मुळांवर पांघरूण तरी झालं असतं. कोरडी, पांढरी थंडी. मी कोळशाचं अर्धं पोतं हातगाडीवर घालून अमाकींच्या घरी ओढत नेलं. झुडपांसाठी नव्हे, दोन म्हातारी माणसं एकटी आहेत म्हणून. झुडपं मातीखाली आहेत याबद्दल माझ्या मनात शंकाही नव्हती.

घरामागे गेले तर साती उभी होती.

इनोयत आपा, अमाकींच्या पत्नी, घरातून दुलयांचा ढीग उचलून आणत होत्या. नातवाच्या लग्नासाठी शिवून कोनाड्यात रचलेल्या, साटीनच्या, लाल, हिरव्या. मला पाहून थांबल्या.

"ये. पुरू नका असं तुझ्याच पेपरात आलं होतं ना? आता पांघरूणही तूच घाल."

मी म्हटलं की मी असं कधीच लिहिलेलं नाही. अमाकी केत्मोननं जमीन खणायला पाहत होते. आमचं हे रुंद पात्याचं फावडं एरवी मातीत लोण्यात गेल्यासारखं जातं. त्या दिवशी दगडावर आपटल्यासारखं वाजत होतं. ते मान वर न करता म्हणाले,

"कोम्मा अनोर. एवढ्या मोठ्या अक्षरात."

"कोम्मा, अमाकी. शेवटी जोर. पुरलेलं. मी पुरलेलं डाळिंब म्हटलं होतं."

ते थांबले. तो शब्द त्यांनी एकदा असा म्हणून पाहिला, एकदा तसा. मग केत्मोन भिंतीला टेकवून ठेवलं आणि पहिल्या झुडपाच्या खोडावर गुडघा टेकला. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. चार बोटंसुद्धा वाकलं नाही. गाजर मोडावं तसं मोडलं. आत बर्फाचे कण चमकत होते.

"सोडा हो दादासी," इनोयत आपा म्हणाल्या. नवऱ्याला त्या मुलांचा बाप या नात्यानं दादासी म्हणत. "मेल्याला कवटाळून कुणी उठत नाही."

पण दुलया त्यांनीच गुंडाळल्या. आम्ही दोरीनं बांधल्या. सात झुडपांना अकरा दुलया. अंगणात सात ठेंगण्या, साटीन नेसलेल्या बायका रांगेत उभ्या असल्यासारखं दिसत होतं. पुढच्या तीन रात्री उणे तेवीसच्या खाली गेल्या. घरात ती दोघं एका दुलईत झोपली, कारण बाकीच्या बाहेर होत्या.

वाचकांचे प्रश्न

मार्चअखेर कुव्यात सगळीकडे माती उकरली जात होती. ज्यांनी पुरलं होतं त्यांची झुडपं चिखलानं माखलेली, पण ओल्या सालीची, बाहेर आली. ज्यांनी पुरलं नव्हतं अशी चौतीस घरं माझ्या कानावर आली. बाजारात माझं नाव पडलं, कोम्मा-आपा. भाजीवाली विचारी, "कोम्मा-आपा, यंदा टोमॅटो लावू की लावू नको? नीट जोर देऊन सांग हं." मी हसत असे. हसण्याखेरीज काय करणार.

मे महिन्यात चौतीसपैकी बहुतेक घरांतल्या डाळिंबांना बुडख्यातून धुमारे फुटले. डाळिंबाचं मूळ चिवट असतं, वरचं मेलं तरी खालून येतं. लोकांचा राग गेला. चेष्टा तेवढी राहिली.

केलिन्चकला काही फुटलं नाही.

मी रोज सकाळी जाऊ लागले. अमाकी ओळीत उकिडवे बसलेले असत. नखानं साल खरवडून पाहत. आज पहिल्याची, उद्या दुसऱ्याची, जणू पाळी लावली होती. सगळीकडे साल खालून चहाच्या रंगाची. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं. शब्द मीच निवडला होता, अक्षरं मोठी मीच केली होती, असं काहीतरी म्हणू लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

"चष्मा खिशात होता, पोरी."

मला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी चहाखान्यात. चष्मा माझ्या खिशात होता. खाली बारीक काहीतरी लिहिलंय हे दिसत होतं मला. काढला नाही."

ते परत साल खरवडू लागले. मी उठून आले. त्या आठवड्यात 'वाचकांचे प्रश्न' या रकान्यात गुलाबावरच्या माव्याबद्दल लिहिलं.

उन्हाळ्याचा चिल्ला, म्हणजे सगळ्यांत कडक चाळीस दिवस, लागायच्या आधी, जूनमध्ये, त्यांनी सहा झुडपं खणून काढली. मुळं चाकूनं कापून पाहिली. आतून तपकिरी, वास आंबूस. सातव्याला केत्मोन लावलं तेव्हा इनोयत आपा दारात आल्या आणि म्हणाल्या, ते राहू द्या, कपडे वाळत घालायला होईल. ते त्यांनी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर अमाकींचेच दोन सदरे वाळत होते.

शोध

तीस वर्षं, दर वर्षी चाळीस रोपं. हजाराच्या वर झाली. सगळीच कशी मरतील? मी जुलैत आवाहन छापलं: नोरमत अमाकींच्या हातची केलिन्चक कुणाकडे जिवंत असेल तर कळवा. या वेळी शब्द सात वेळा तपासले.

उत्तरं आली. पण ज्यांच्याकडे आहे अशांची फक्त नऊ. बाकी एकशे बारा जणांनी, आम्हाला हवी आहे, असं कळवलं. संपत आलेल्या गोष्टीसारखी नवी हवा नाही. ताश्कंदच्या एका रोपवाटिकेनं विचारलं, कुंडीतली मिळतील का, सारख्या उंचीची.

मी माझी जुनी मॅटिझ गाडी काढली. अमाकी शेजारी बसले, मांडीवर चाकू नि ओलं गोणपाट. जिवंत झाड सापडलं तर काड्या घ्यायच्या, म्हणून गोणपाट. ऑगस्टमध्ये फळ कच्चं असतं; पण पान, साल, काट्याची ठेवण पाहून त्यांना कळे.

कुवासोयला एका दंतवैद्याचं अंगण होतं. त्यानं पाणी मारून स्वच्छ केलेल्या प्लास्टिकच्या गवतावरचा एक कोपरा दाखवला. इथे होतं, म्हणाला, गेल्याच वसंतात काढलं, कचरा फार करायचं. फोन मग कशाला केलात, असं मी विचारलं. त्याला वाटलं होतं मोबदल्यात नवं रोप मिळतं. अमाकी गाडीत बसल्यावर म्हणाले, दात काढायची सवय, दुसरं काय.

अल्तियारिकला झाड होतं, वाळलेलं. घरवाली म्हणाली, पुरलं नाही, चहाखान्यात म्हणे पेपरात आलं होतं. कळवलं होतं तिच्या मुलानं, मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. अमाकींनीही सांगितलं नाही.

तोश्लोकला धुमारे होते, हिरवेगार. अमाकींनी एक पान चुरगाळून हुंगलं आणि नुसतीच मान हलवली. ते दुसरंच होतं. आणखी एका ठिकाणी, शेजाऱ्यानं कळवलेल्या, मालकच वारला होता आणि मुलांनी जागेवर गाडीसाठी छप्पर बांधलं होतं. सप्टेंबर संपेपर्यंत आठ घरं झाली. गोणपाट दर वेळी निघताना इनोयत आपा भिजवून देत आणि परतताना ते वाळलेलं असे.

उरलं नववं, मर्गिलोनचं.

भेट

होसियत नावाच्या बाई. आयुष्यभर अत्लसचं रेशीम विणलं, आता निवृत्त. ऑक्टोबरच्या मध्यावर या, फळ तयार असेल, असं त्यांनी कळवलं होतं. दारात झाडून पाणी शिंपडलं होतं, आत दस्तरखान मांडून त्यावर नान, अक्रोड, नव्वात म्हणजे खडीसाखर. आणि अंगणाच्या मधोमध झुडूप. आठ खोडं, तिरकी लावलेली, बुडाशी मातीचा गोल वाफा. पानांत फळं.

मी अमाकींकडे पाहिलं. ते झुडपापाशी गेले, साल चाचपली, पान चुरगाळलं. हुंगलं नाही.

होसियत बाई बोलतच होत्या. पंधरा वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी नेलं होतं. सासूबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. त्यांच्यासाठी होसियत बाई मर्गिलोनहून बसनं कुव्याला येऊन, रोप मांडीवर घेऊन गेल्या होत्या.

"दर वर्षी मी एकटी पुरते, दोन वीत माती, तुम्ही सांगितलं होतं तशी. एक वर्ष चुकवलं नाही. गेल्या वर्षी शेजारीण म्हणाली, पेपरात पुरू नका म्हणून आलंय. मी म्हटलं पेपरवाल्यांच्या घरी झाड असेल तर ना."

मी चहा प्यायले.

"फळ जरा लालसर येतं माझं," त्या म्हणाल्या. "उन्हामुळे असेल. आणि सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, सूनबाई, बिया बोचतात गं. मी चिडायचे. म्हणायचे, नोरमत अमाकींच्या हातचं झाड आहे, तुम्हाला सुनेनं दिलेलं काहीच गोड लागायचं नाही. गेल्या बिचाऱ्या. खाऊन बघा ना, तुम्हीच सांगा."

त्यांनी फळ फोडून बशीत ठेवलं. अमाकींच्या तोंडात पाच-सहा दात असतील. त्यांनी चमचाभर दाणे घेतले आणि चावू लागले. मीही घेतले. रस चांगला होता, आंबटगोड. आणि मग दाढेखाली बी आली, कडक, वाळूच्या कणासारखी. कुव्यातल्या कुठल्याही बाजारात मिळतं ते लाल डाळिंब.

अमाकींचा गाल हलत राहिला. बराच वेळ. होसियत बाई हात पुसत उभ्या होत्या, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशा.

"हीच," अमाकी म्हणाले.

बाईंनी तोंडावरून दोन्ही हात फिरवून देवाचे आभार मानले. हव्या तेवढ्या काड्या घ्या म्हणाल्या. अमाकींनी घेतल्या. एरवी आईझाडाला जपून एकदोन फांद्या घेत, त्या दिवशी भराभर कापत गेले. बाई आत नान बांधून द्यायला गेल्या तेव्हा त्यांनी रुमालात बिया थुंकल्या आणि रुमाल खिशात ठेवला.

रस्त्यात

गाडी गावाबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली म्हणाली ती?"

"पंधरा."

"हं. त्या वर्षी काड्या सडल्या होत्या. वाळूत पाणी शिरलं. पाचसहाच रुजल्या. आणि नावं नोंदवलेली चाळीस माणसं दारात." बाहेर कापसाची रानं वेचून झालेली होती. "लाल डाळिंबाच्या काड्यांची रोपं तयार होती शेजारी. पान सारखंच दिसतं लहानपणी. म्हटलं, पुढच्या वर्षी बोलावून खरी देईन. कुणाला बोलावलं नाही."

"त्या एकाच वर्षी?"

पुढच्या गावच्या पाटीपर्यंत मी उत्तराची वाट पाहिली. मग विचारायचं सोडून दिलं.

"तिला सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"काय सांगायचं? बाई, तुमच्या सासूचं बरोबर होतं?"

मी गियर बदलला आणि गाडी चालवत राहिले. गोणपाट त्यांच्या मांडीवर होतं, त्यातून झग्यावर पाणी झिरपत होतं.

नोंदणी

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. इनोयत आपा फाटकात होत्या. गोणपाटातल्या काड्या पाहून त्यांनी भिंतीला हात टेकला आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्या लाल डाळिंबाच्या आहेत हे अमाकींनी सांगितलं नाही. आत जाऊन आपांनी पाणी आणलं, आधी काड्यांना, मग आम्हाला.

अमाकींनी काड्या वीतभर लांबीच्या कापल्या. खालचा काप डोळ्याखाली तिरका, वरचा सरळ. मला शिकवलं होतं तसाच. एकशे तीसच्या आसपास झाल्या. जुड्या बांधल्या. वाळूचा खड्डा उकरला, त्यात निजवल्या. हे सगळं ते इतक्या काळजीनं करत होते की पाहणाऱ्याला वाटावं, मोलाची वस्तू आहे.

"तुझ्याकडे किती नावं आहेत?"

"एकशे बारा," मी म्हटलं. "अमाकी, मी छापणार नाही."

"छापू नकोस. ती येतीलच. न छापता येतात."

"मग खरं सांगून द्या. लाल आहे म्हणा."

"लाल घ्यायला माझ्याकडे कशाला येतील? लाल सगळीकडे आहे." त्यांनी हातावरची वाळू झटकली. "आणि मी गेल्यावर केलिन्चक म्हणजे काय, ते कोण सांगणार? कुणी चाखलंय? तू चाखलंयस. हिनं चाखलंय. मी. आणखी दहाबारा म्हातारे असतील, त्यांची जीभ गेली. बाकी सगळ्यांनी नावच ऐकलंय. नाव तरी असू दे कुठेतरी."

इनोयत आपा बादली घेऊन जात होत्या. त्या थांबल्या नाहीत, पण त्यांची पावलं हळू झाली. त्यांना ऐकू गेलं होतं. सातव्या झुडपावरचे कपडे त्यांनी काढले, खांद्यावर टाकले आणि आत गेल्या.

जुडीला लावायची नावाची पट्टी अमाकी डब्याच्या पत्र्यातून कापतात, पेन्सिलीनं लिहितात. मातीत वर्षभर ते पुसलं जात नाही. त्यांनी पट्टी कापली, कडा दगडावर घासली. मग पट्टी आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तू लिही. तुझं अक्षर लोक वाचतात."

ते टोचून बोलले असते तर मी पेन्सिल परत दिली असती. पण ते टोचून बोलत नव्हते. चष्मा घरात होता, एवढंच.

मी पट्टी गुडघ्यावर ठेवली. पत्रा ओला होता, पेन्सिल उमटेना. बाहीनं पुसला आणि एकेक अक्षर दोनदोनदा गिरवून केलिन्चक असं लिहिलं.